नाटक, दवाखाना आणि एमआयडीसी

जानेवारी 2024 मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचा शंभरावा मांडव पिंपरी-चिंचवडमध्ये पडला. पेनिसिलिन, ट्रक, रिक्षा आणि गिअरबॉक्स बनवत वाढलेल्या या शहराला नाटकवाल्यांचा एवढा मोठा पाहुणचार करण्याची संधी मिळाली, याचं कौतुक त्या आठवड्यात भरपूर झालं. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल. त्यांच्या नावामागचं ‘डॉ.’ मानद नाही. पटेल हे बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांनी बरीच वर्षं दौंडला पत्नीसोबत दवाखाना चालवला. सकाळी पोरांचे खोकले-ताप आणि संध्याकाळी नाटकाची तालीम, असा त्यांचा दिनक्रम होता.

मराठी नाटकात डॉक्टरांचा भरणा मोठा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पूर्णवेळ नट होण्याआधी ते टांझानियातल्या टबोरा गावात शस्त्रक्रिया करत होते. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा दिग्दर्शक पटेल, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि सोबत सतीश आळेकर होते. पटेल आणि आगाशे दोघेही बी. जे. मेडिकल कॉलेजात घडलेले, आणि आळेकर पुढे तिथेच जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरीला होते. त्या नाटकावरून उठलेल्या वादळातून 27 मार्च 1973 रोजी थिएटर अ‍ॅकॅडमी जन्मली. कॉलेजला लागून असलेल्या ससून रुग्णालयाच्या आवारात शवविच्छेदनाच्या टेबलापासून तालमीच्या खोलीपर्यंत फार चालावं लागत नसे.

एवढे डॉक्टर नाटकात रमले, मग नाटक दवाखान्यात किती गेलं? हा प्रश्न संमेलनात कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारायला हरकत नव्हती, कारण त्याचं उत्तर शोधताना बर्लिन, कॅलगरी आणि व्हिएन्नाजवळची एक कापडगिरणी वाटेत लागते. शेवटी चाकणही लागतं.

गिरणीपासूनच सुरुवात करू. व्हिएन्नाच्या दक्षिणेला बाड फ्योस्लाऊ नावाचं गाव आहे. पहिलं महायुद्ध संपताना तिथे याकोब मोरेनो नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. बुखारेस्टमध्ये 1889 साली जन्मलेला आणि व्हिएन्नात शिकलेला हा माणूस गावचा सरकारी डॉक्टर होता, आणि तिथल्या लोकरगिरणीतल्या कामगारांनाही तोच तपासायचा. त्याचं मन मात्र व्हिएन्नाच्या रंगमंचावर. 1 एप्रिल 1921 च्या रात्री त्याने एका नाट्यगृहात फक्त एक रिकामं सिंहासन मांडलं आणि प्रेक्षकांना सांगितलं की युद्धाने राजा गेला, आता तुमच्यापैकी कुणी वर येऊन राज्य करून दाखवा. त्या रात्रीचा खेळ साफ पडला. मोरेनो खचला नाही. लिखित संहितेशिवाय नाटक करणारी मंडळी त्याने जमवली. त्यांत बार्बरा नावाची नटी होती. रंगमंचावर सोज्वळ भूमिका करणारी ही बाई घरी नवऱ्यावर आग पाखडायची. मोरेनोने तिला भांडखोर, उर्मट बायकांच्या भूमिका द्यायला सुरुवात केली आणि घरातला तिचा पारा उतरू लागला, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. पुढे नवरा-बायको दोघांनाही त्याने एकत्र रंगमंचावर आणलं. 1925 मध्ये तो अमेरिकेला गेला. 1936 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावी त्याने मनोरुग्णालय काढलं, आणि तिथे उपचाराचा भाग म्हणून रंगमंच बांधला.

आज ज्याला नाट्योपचार किंवा सरळ ड्रामा थेरपी म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेल्या अनेक धाग्यांपैकी हा एक. दुसरा धागा इंग्लंडचा. तिथे पीटर स्लेड यांनी मुलांच्या खेळातल्या नाटकाकडे गांभीर्याने पाहिलं, आणि 1960 च्या दशकात स्यू जेनिंग्ज यांनी अपंग मुलांसोबत आणि इस्पितळांत नाटकाचं काम सुरू केलं. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये नाट्योपचारकांची संघटना उभी राहिली, 1979 मध्ये अमेरिकेत. पदवी, प्रशिक्षण, देखरेख, नोंदणी असा सगळा सरंजाम आला. उपचाराची पद्धत मात्र सांगायला सोपी आहे. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला ‘तुझ्या बायकोला काय वाटत असेल?’ असं विचारलं तर तो खाली मान घालून पाठ केलेलं उत्तर देतो. त्यालाच दहा मिनिटं बायकोच्या खुर्चीत बसवलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीत तो स्वतः आहे असं मानायला लावलं आणि रात्री दोन वाजता दार उघडायला सांगितलं, की शब्द वेगळे येतात. भूमिका घेतली की माणूस स्वतःपासून हातभर लांब जातो, आणि तेवढ्या अंतरावरून त्याला स्वतःकडे बघता येतं. इथे अभिनय चांगला झाला की वाईट, याला काही किंमत नसते.

मोरेनोचं फ्योस्लाऊ आणि आपली पिंपरी यांत एक साम्य आहे. दोन्ही जुनी गावं, आणि दोन्हींत पुढे कारखाना आला.

पिंपरीत 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. लोक त्याला ‘एचए’ म्हणतात. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स आली, आकुर्डीत बजाज आली आणि भोसरीचा पट्टा भरू लागला. 1970 मध्ये नगरपालिका, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, 1982 मध्ये महापालिका. सातारा, सांगली, कोकण, खानदेश, मराठवाडा अशा सगळीकडून माणसं आली. येताना त्यांनी पितळी डबा आणि वळकटीसोबत गावचं नाटकही आणलं. जत्रेतल्या वगाची सवय, भारुडातला वेडा आणि आंधळा, गोंधळाचा संबळ, हे सगळं चाळीतल्या खोल्यांत येऊन राहिलं. पुणे-नाशिक रस्त्याने चाकण आणि मंचर ओलांडून पुढे गेलं की नारायणगाव लागतं, तमाशाची पंढरी. पुण्याची सदाशिव पेठ इथून जवळ, आणि नारायणगावही फार लांब नव्हतं. इथल्या रंगभूमीत दोन्हीची चव आहे ती त्यामुळे.

या रंगभूमीला आधार मिळाला तो एका कायद्याचा. 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने कामगार कल्याण मंडळ स्थापन झालं. कामगाराच्या पगारातून थोडी कपात, मालकाकडून त्याच्या तिप्पट रक्कम, आणि त्या पैशांतून वाचनालयं, शिवणवर्ग, व्यायामशाळा आणि नाट्यस्पर्धा. कपात वर्षातून दोनदाच होते, जून आणि डिसेंबरच्या पगारात. पगारपत्रकावर ‘एलडब्ल्यूएफ 12’ अशी नोंद दिसायची आणि बहुतेकांना ती कसली हे ठाऊक नसायचं. पिंपरी-चिंचवडच्या कामगार कल्याण केंद्रांतून स्पर्धेच्या प्रवेशिका भरल्या गेल्या, त्यांचा खर्च अशा बारा-बारा रुपयांतून निघाला आहे. त्याआधी, 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून मुंबईच्या गिरणगावात कामगारांचा रंगमंच तापवला होता. सरकारी स्पर्धेने तो थंड केला, असा आरोप करता येईल. पण त्याच स्पर्धेमुळे हजारो माणसांना आयुष्यात एकदा तरी तोंडाला रंग लावायला मिळाला, हेही तितकंच खरं.

कारखान्यातल्या नाटकाची तालीम ही एक स्वतंत्र कसरत असते. नायक पहिल्या पाळीला, खलनायक दुसऱ्या, आणि ज्याच्याकडे संगीत तो तिसऱ्या. तिघे एका वेळी जागे सापडणं मुश्कील. म्हणून तालीम रात्री बारानंतर, दुसरी पाळी सुटल्यावर. हजर नसलेल्याचे संवाद पुस्तक हातात घेऊन भलताच कुणी तरी म्हणतो. नेपथ्य वर्कशॉपमधल्या फिटरने केलेलं असतं आणि दरवाजा असा बसतो की व्यावसायिक नाटकवाल्यांनी तोंडात बोट घालावं. स्त्रीभूमिकेसाठी बाहेरची नटी शेवटचे आठ दिवस येते, तोवर स्टोअरमधला एखादा मिशीवाला तिचे संवाद म्हणत असतो आणि तालमीत हशा पिकतो. कुणाला शिफ्ट बदलून हवी असते, त्यासाठी सुपरवायझरच्या मिनतवाऱ्या. त्याला एखादी छोटी भूमिका दिली की शिफ्टचा प्रश्न आपोआप सुटतो, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

नवलाची गोष्ट आहे ती या भूमिकांच्या वाटपात. दिवसभर ज्याचा शब्द ऐकावा लागतो तो साहेब रंगमंचावर शिपाई होतो आणि हेल्पर सरदार होतो. प्रेसवर आठ तास एकच लीव्हर ओढणाऱ्याच्या तोंडी दोन पानांचं स्वगत येतं, आणि चारशे माणसं गप्प बसून ते ऐकतात. मोरेनोने बार्बराला जे करायला लावलं, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त इथे पाहणारा डॉक्टर नव्हता. नोंद कुणी ठेवली नाही, आणि बाई-बुवा कुणीच ‘मला बरं वाटलं’ असं फॉर्मवर लिहून दिलं नाही. बक्षीस कुणाला, परीक्षकांनी कुणावर अन्याय केला, यावरच चर्चा संपायची. या स्पर्धांना उगाच सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. त्यांत शिळे फार्स होते, उसने अश्रू होते, आणि गटबाजी तर होतीच.

याच शहरात नाटक आणखी दोन वाटांनी माणसांपर्यंत जात होतं. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कारखान्याच्या कँटीनसमोर पथनाट्य ठरलेलं: हेल्मेट न घालणारा बंडू, गार्ड काढून मशीन चालवणारा गणपत, मग अपघात, मग बायकोचा आक्रोश. दुसरी वाट गणपतीतली. मंडळांचे जिवंत देखावे हे पिंपरी-चिंचवडचं वेड आहे. गल्लीतली पोरं ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवत दारूबंदी, हुंडा, आईवडिलांना घराबाहेर काढणारा मुलगा असले विषय रात्री बारा-बारा वेळा करून दाखवतात. बघणाऱ्यांत त्या देखाव्यातलाच बाप बसलेला असतो, आणि हे देखावा करणाऱ्यांना माहीत असतं.

आता 1986. त्या एका वर्षात पुण्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा धागा या कहाणीत गुंफलेला आहे.

पहिली: ‘घाशीराम’ 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेलं होतं. त्यातून आगाशे यांचा जर्मन रंगभूमीशी संबंध जुळला. बर्लिनमध्ये ग्रिप्स नावाचं मुलांचं नाट्यगृह होतं, लेखक फोल्कर लुडविग यांनी उभं केलेलं. तिथे परी, राक्षस, जादूची छडी यांना मज्जाव. मुलांच्या रोजच्या आयुष्यातले प्रश्न, म्हणजे घटस्फोट, मार, बेकारी, शेजारच्या परदेशी कुटुंबाबद्दलचा द्वेष, हे रंगमंचावर यायचं, आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसं करायची. आगाशे, थिएटर अ‍ॅकॅडमी आणि मॅक्सम्युलर भवन यांनी ही चळवळ पुण्यात आणली. ग्रिप्सचे दिग्दर्शक वुल्फगांग कोलनेडर पुण्यात येऊन राहिले, आणि 1986 मध्ये ‘छान छोटे वाकडे मोठे’ रंगमंचावर आलं. पुढे श्रीरंग गोडबोले यांच्यासारख्यांनी ही परंपरा वाढवली, आणि त्या नाटकांत काम केलेले कितीतरी नट आज मराठी पडद्यावर ओळखीचे आहेत.

तीस वर्षांचा बाप्या अर्धी चड्डी घालून आठ वर्षांचा होतो तेव्हा समोरची मुलं आधी हसतात आणि पाच मिनिटांत त्याला आपल्यातला मानतात. शेजारी बसलेले आईबाप मात्र अस्वस्थ होतात, कारण त्यांच्याच वयाचा माणूस समोर धपाटा खात असतो. आगाशे यांनी बी. जे. मेडिकलमध्ये मनोविकारशास्त्र शिकवलं, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी केली. ग्रिप्सचं काम त्यांनी रुग्णालयाच्या भिंतीबाहेर ठेवलं, तरी त्यामागचा हिशेब डॉक्टरचाच दिसतो: मूल आजारी पडून दवाखान्यात येण्याची वाट कशाला पाहायची? 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनःस्वास्थ्याचा दीर्घ अभ्यासही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. भूकंपाने उखडलेल्या त्याच लातूर-धाराशिव भागातून कामासाठी पिंपरी-चिंचवडकडे येणाऱ्यांची रांग आजही संपलेली नाही.

दुसरी घटना 29 ऑगस्ट 1986 ची. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या प्रतिष्ठानने देणगी दिली. डॉ. आनंद नाडकर्णी हे तरुण मनोविकारतज्ज्ञ सुरुवातीपासून सोबत होते. नाडकर्णी स्वतः नाटककार. 1990 मध्ये त्यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, आणि रंगमंचाचा उपयोग लोकांशी बोलायला भरपूर केला. मुक्तांगणमध्ये गोळ्या-इंजेक्शनांपेक्षा गटात बसणं, बोलणं, गाणं आणि वागणूक बदलून बघणं यांवर भर राहिला. औद्योगिक पट्ट्यात दारू हा घरोघरचा विषय. खाडे पडणारा, पगाराच्या दिवशी गेटवर बायको उभी असणारा कामगार प्रत्येक कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसरला माहीत असतो. जिवंत देखाव्यात तो दरवर्षी मरतो, आणि व्यसनमुक्ती केंद्रात त्याला जिवंत राहायची तालीम करावी लागते.

सीमेपलीकडचा दुसरा दुवा कॅलगरीचा आहे आणि तो एका घरातून निघाला. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. तिथे रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटना कशा चालतात हे त्यांनी पाहिलं आणि 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. नातेवाइकांचे स्वमदत गट हा तिचा कणा. लोकांना समजेल अशा भाषेत हा आजार मांडायचा तर गोष्टच सांगायला हवी, हे वाणींनी ओळखलं. त्यातून 2004 चा ‘देवराई’ हा चित्रपट आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं दिग्दर्शन, अतुल कुलकर्णी यांचा शेष. पैसा आणि जिद्द यांचा मोठा वाटा कॅनडातल्या मराठी माणसाचा. पुढे आगाशे निर्माते झाले. स्मृतिभ्रंशावरचा ‘अस्तु’ आणि नैराश्यावरचा ‘कासव’ हे दोन्ही चित्रपट त्याच दिग्दर्शकांचे, आणि ‘कासव’ला 2016 सालासाठीचं सुवर्णकमळ मिळालं. चित्रपट म्हणजे नाट्योपचार नव्हे, हे कुणीही सांगेल. पण प्रयोगानंतर दिवे लागले की प्रेक्षकांना उठू न देता बोलतं करायचं, ही सवय या मंडळींनी नाटकातून उचलली.

बर्लिन, कॅलगरी, पुणे, ठाणे असं हे जाळं विणलं गेलं तेव्हा त्यातल्या कुणाच्याच दारावर ‘ड्रामा थेरपिस्ट’ अशी पाटी नव्हती. कुणी मनोविकारतज्ज्ञ, कुणी संख्याशास्त्रज्ञ, कुणी नट, कुणी जर्मन दिग्दर्शक. परदेशात आधी व्यवसाय उभा राहिला, मग त्याची आंतरराष्ट्रीय बिरादरी. आपल्याकडे माणसांची ओळख आधी झाली आणि व्यवसायाचं नाव नंतर आलं. याचा फायदा असा की काम चार भिंतींत अडकलं नाही. तोटाही मोठा. आगाशे किंवा नाडकर्णी यांच्यासारख्या एका माणसाच्या अंगच्या वकुबावर सगळं उभं राहिलं. पुढच्या पिढीला शिकवायचं काय, कुणाच्या देखरेखीखाली, कुणाला हे काम करू द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायला वेळ लागला. रुग्णाला भूमिकेत शिरवणं सोपं असतं. त्यातून त्याला सुखरूप बाहेर काढायला शिक्षण लागतं, आणि नाटक येणाऱ्या प्रत्येकाला ते येत नाही.

दरम्यान नाटक नेहमीच्या नटांपलीकडच्या हातांत गेलं की काय होतं, याचे दाखले महाराष्ट्रात जमत गेले. मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ने 1980 च्या दशकापासून कर्णबधिर आणि मतिमंद मुलांसोबत नाटक केलं. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन नटांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ बसवलं. ज्यांनी ढग पाहिला नाही त्यांनी ढगाची भूमिका करायची म्हणजे काय, हे ते नाटक पाहिल्याशिवाय कळत नाही. पण या लेखाच्या दृष्टीने सगळ्यांत जवळचं उदाहरण 2012 चं. अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना आणि त्यांच्या युनियनला घेऊन उभं केलं. पहाटे कचरा उचलायचा आणि संध्याकाळी फुल्यांच्या काळात जायचं. झाडू हातात असलेल्या माणसाकडे बघायची शहराला सवय नसते. तोच माणूस नाट्यगृहाच्या उजेडात उभा राहिला आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी त्याच्याकडे दोन तास पाहिलं. पेठ्यांनी त्याला थेरपी म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही नव्हती.

तिकडे जगात नाटकाच्या उपचारी बाजूचे वेगवेगळे पंथ एकमेकांना भेटत होते. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांची शोषितांची रंगभूमी बंगालमध्ये 1985 साली स्थापन झालेल्या जन संस्कृती या गटाने गावागावांत रुजवली. प्रेक्षकच उठून रंगमंचावर येतो आणि प्रसंगाचा शेवट बदलून दाखवतो, ही तिची रीत. 1975 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी प्लेबॅक थिएटर सुरू केलं. तिथे प्रेक्षकाने सांगितलेला त्याचाच प्रसंग नट त्याच क्षणी करून दाखवतात. या दोन्ही पद्धतींचे जाणकार आता भारताच्या शहरांत आहेत, परदेशातल्या गटांशी त्यांचं येणं-जाणं आहे.

आणि पिंपरी-चिंचवड? नाट्यगृहांची इथे ददात नाही. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह. जर्मनीचीही इथे ददात नाही. मर्सिडीज-बेंझची भारतातली पहिली गाडी 1995 मध्ये टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारातच जोडली गेली. 2009 मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला उभी राहिली. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जाणाऱ्या पोरांत इथल्या अभियंत्यांची संख्या मोठी. बर्लिनहून नाटक आलं ते पुण्यातल्या नाट्यगृहांपर्यंत, आणि जर्मनीतून यंत्रं आली ती चाकणपर्यंत. दोघांची गाठ क्वचितच पडली.

गाठ पडायची तर ती कामगार नाट्याच्या तालमीत पडली असती, पण तोवर तालमीचा पायाच हलला होता. वर्षानुवर्षं त्याच माणसांनी एकत्र येऊन नाटक करायचं तर ती माणसं त्याच कारखान्यात टिकायला हवीत. 1990 नंतर कायम कामगारांची भरती आटली आणि कंत्राटी व शिकाऊ कामगार वाढले. सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, दुसरी कंपनी. जूनमध्ये पात्रयोजना करावी तर डिसेंबरच्या स्पर्धेला निम्मी पात्रं कुठल्या गेटवर असतील, देव जाणे. एचएसारखे जुने आधार खचले, कामगारांचे पगार थकले. कारखान्यांत क्वालिटी सर्कलच्या मेळाव्यात आणि सुरक्षा सप्ताहात नाटुकली होत राहिली, मात्र त्यांची संहिता ऑफिसातून येते आणि शेवट आधीच मंजूर झालेला असतो. ज्या नाटकात माणसाला आपल्या मनाचं काही बोलता येत नाही, त्याचा उपचाराशी संबंध उरत नाही. सजावट तेवढी उरते.

खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी. चाकणच्या भोवतीच्या या गावांत शेताच्या बांधावर तीन-तीन मजली खोल्या उठल्या आहेत. एका खोलीत सहा-सात जण, कॉट बेसिसवर. तिन्ही पाळ्यांची माणसं असतील तर एकाच गादीवर दोघे आळीपाळीने झोपतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड, आणि शेजारी बीड-परभणी. ज्यांची कुटुंबं आली आहेत त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत बसतात. घरी भोजपुरी किंवा ओडिया, रस्त्यावर हिंदी, फळ्यावर मराठी. बाई प्रेमळ असल्या तरी पोर पहिलं वर्ष गप्पच असतं.

बर्लिनने हा पेच आधी पाहिला होता. साठच्या दशकात जर्मन कारखान्यांनी तुर्कस्तान, ग्रीस, इटली इथून कामगार बोलावले. त्यांना तिथे ‘पाहुणे कामगार’ म्हणत. पाहुण्यांसोबत मुलंही आली आणि शाळांत, मैदानांत, तंबूंच्या सहलीत जर्मन मुलांशी त्यांची जुंपली. ग्रिप्सने 1973 मध्ये त्यावर ‘आइन फेस्ट बाय पापाडाकिस’ हे नाटक केलं. त्यात एक जर्मन कुटुंब आणि एक ग्रीक कुटुंब एका तळावर समोरासमोर येतात, मोठी माणसं भांडतात आणि पोरं एकत्र खेळायला लागतात. त्या नाटकातल्या ग्रीक बापाच्या जागी आज महाळुंग्याच्या खोलीतला ओडिया बाप सहज बसेल. पुण्यात ग्रिप्सचं मराठी रूप करायला शिकलेल्या नटांची पिढी तयार आहे. चाकणच्या शाळेपर्यंत ते अंतर एसटीने दीड तासाचं आहे, वाहतूक कोंडी नसेल तर.